मधला माणूस : १९३७ च्या खोती विधेयकाचं प्रकरण

कोकणात भात झोडून झालं की खळ्यावर रास पडते. खोती गावात ही रास आधी खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मक्तेदाराच्या, माणसाची वाट बघायची. तो यायचा, पायलीने मोजून घ्यायचा, आणि जमीन अर्धेलीची असेल तर निम्मं भात खोताच्या अंगणात पोचतं करायचं कामही कुळाकडेच. समजा रास एका खंडीची, म्हणजे २० मणांची पडली. १० मण तिथेच गेले. उरलेल्या १० मणांतून पुढच्या सालचं बी राखून ठेवायचं, बैल भाड्याचे असतील तर त्यांचं भाडं चुकवायचं, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, उचललेलं धान्य सवाईने नाहीतर दिढीने (सव्वापट नाहीतर दीडपट) परत करायचं, आणि मग जे मागे राहील त्यात घर चालवायचं. वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणी-वरी पिकवली तर तिचा हिस्सा वेगळा. वेठ वेगळी. खोताची लावणी आधी, आपली मागून. पाऊस तोवर थांबतोय का, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेच्या पुण्यातल्या अधिवेशनात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते या राशीबद्दल होतं. लोकशाही, प्रगती, सामाजिक न्याय हे तीन शब्द बाबासाहेबांच्या नावाशी आपण इतक्या सवयीने जोडतो, की रोजच्या कारभारात त्यांचा अर्थ काय होता हे विचारायचं राहून जातं. संविधान आहे, महाडचं तळं आहे, हिंदू कोड बिल आहे. ती सगळी मोठी प्रकरणं. मी विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम हे लहान प्रकरण ठेवतो. एक खासगी विधेयक, कधीच मंजूर न झालेलं, चार जिल्ह्यांबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. माणसाचा विचार नेमका कुठे रुतलेला आहे हे अशा ठिकाणी जास्त स्वच्छ दिसतं, असं माझं मत.

खोत म्हणजे नेमका कोण

खोत मुळात वसुलीचा मक्तेदार. गावचा सारा सरकारात भरायची हमी त्याने घ्यायची आणि गावाकडून तो वसूल करायचा. रत्नागिरी जिल्ह्यात ही पद्धत सर्वांत घट्ट, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांतही ती होती. मक्ता पिढ्यान्पिढ्या एकाच घरात राहिला की त्याचं वतन होतं, आणि वतन झालं की वसूल करणारा हळूहळू मालकासारखा वागू लागतो. इंग्रजांना हे दिसत नव्हतं असं नाही. देशावर त्यांनी रयतवारी बसवली, म्हणजे शेतकरी आणि सरकार यांचा सरळ व्यवहार. दक्षिण कोकणात मात्र खोत मध्ये उभाच राहिला. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्याने त्याचे हक्क लिहून पक्के केले, आणि त्याच कायद्याने कुळांच्याही पायऱ्या पाडल्या.

या पायऱ्या समजून घेतल्याशिवाय पुढची भांडणं कळत नाहीत. सर्वांत वर धारेकरी. तो सरकारी आकार (सरकारने ठरवलेला सारा) भरायचा, त्याच्यावर खोताचा हात फारसा चालत नसे. त्याच्याखाली अर्धे धारेकरी म्हणावेत असे लोक, आकारावर थोडं जास्त देणारे. मग वहिवाटीच्या हक्काची कुळं : १८४५-४६ या महसुली सालापासून ज्यांच्याकडे जमीन सलग होती ती. आणि सर्वांत खाली साधी कुळं, ज्यांना खोत केव्हाही उठवू शकत होता. आता १८४५ पासून आपल्या पणज्याने हेच शेत सलग कसलं, हे अक्षरशत्रू माणसाने सिद्ध कसं करायचं? वह्या खोताकडे. पावती दिली तर दिली. साक्षीदार गावातले, म्हणजे तेही खोताचीच कुळं. कायद्यात हक्क होता, पण त्या हक्काची किल्ली ज्याच्याविरुद्ध तो वापरायचा त्याच्याच कंबरेला लटकलेली होती.

जमिनीतही दोन प्रकार : खोती खासगी, म्हणजे खोताची स्वतःची, आणि खोती निसबत, म्हणजे खोत म्हणून त्याच्याकडे असलेली. गावात बोलताना मात्र सगळीच ‘खोताची’. वरकस डोंगरउतारही त्यातच. बाहेरच्याला वाटतं, माळरानासाठी एवढं कशाला झगडायचं? पण कोकणात रोप राबावर टाकतात. शेण, पाला, टहाळ, गवत पसरून जमीन भाजायची आणि पाऊस पडला की तिथे भात पेरायचं. टहाळ येतो वरकसावरून. वरकसाला हात लावू दिला नाही तर खाचर असूनही रोप नाही, आणि रोप नाही तर लावणी कसली. कुळाला वाकवायला खोताला कोर्टाची गरज नव्हती. टहाळ बंद केला की पुरे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण नंतर नुकसानभरपाईच्या मुद्द्यावर ती लागेल. खोत म्हणजे सरसकट वाड्यात बसलेला श्रीमंत, असं चित्र खरं नाही. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमान होते. खोती भावकीत आण्या-पैच्या हिशेबाने वाटली गेलेली असायची आणि वहिवाट एकाकडे असायची. अर्ध्या आण्याचा हिस्सेदार खोत मुंबईत कारकुनी करून पोट भरत असेल, तरी गावात तो खोतच. पद्धत किती वाईट होती याचा अंदाज यावरूनही येतो : ती चालवणाऱ्यांतल्या पुष्कळांनाही तिने फार काही दिलं नव्हतं, पण मान दिला होता, आणि मान सोडायला माणूस पैशाहून जास्त कुरकुरतो.

सप्टेंबर १९३७ : हातात काय होतं

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. बालपणीचा काही काळ दापोलीत गेलेला. खोती त्यांना पुस्तकातून समजून घ्यावी लागली नाही. पण विधेयक मांडण्यामागे केवळ जिव्हाळा नव्हता, त्यामागे पक्षाचं गणित होतं. १५ ऑगस्ट १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. नाव नीट वाचा : त्यात ‘अस्पृश्य’ हा शब्द नाही. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. त्यांत अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर ही सवर्ण मंडळी होती आणि ती कोकणातल्या सर्वसाधारण जागांवरून आलेली होती. चित्रे तर खोतीविरुद्ध बरीच वर्षं गावोगाव फिरलेले. टिपणीस हे चवदार तळ्याच्या लढ्याच्या वेळचे महाडचे नगराध्यक्ष. म्हणजे महार, कुणबी, आगरी आणि काही पांढरपेशे सुधारक अशी एक नवी मोट बांधली जात होती, आणि तिला बांधायला दोरी हवी होती. खोती ही ती दोरी.

विधानसभा १७५ जणांची. सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला हेच म्हणत) बाळासाहेब खेर, तेही रत्नागिरीत जन्मलेले. महसूल खातं मोरारजी देसाईंकडे. १४ जणांच्या बळावर काहीही मंजूर होणार नव्हतं हे बाबासाहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

वर्गात मी इथे थांबतो आणि विचारतो : तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतंत? उत्तरं साधारण तीन येतात. एक, खोत राहू दे, फक्त खंडाला मर्यादा घाला आणि कुळाला उठवायला बंदी करा. दोन, खोती रद्द करा, भरपाई द्या, जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. तीन, भरपाई कसली, सगळी जमीन सरकारने घ्यावी. तरुण मुलं बहुधा तिसऱ्याकडे झुकतात. मग मी त्यांना १९३५ च्या भारत सरकार कायद्याचं कलम २९९ दाखवतो. जमिनीतले हक्क, त्यात साऱ्यासंबंधीचे हक्कही आले, नष्ट करणारं किंवा बदलणारं विधेयक प्रांतिक विधिमंडळात आणायचं तर गव्हर्नरची पूर्वपरवानगी हवी, आणि भरपाई हवी. तिसरा रस्ता कागदावरच बंद होता. काँग्रेसचं मन पहिल्या रस्त्याकडे होतं. बाबासाहेबांनी दुसरा धरला.

मसुद्यातला एक शब्द

विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत म्हटलं होतं ते थोडक्यात असं : खोती धारा (खोती जमीनधारणेची पद्धत) नष्ट करायचा आणि खोती जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सरकारशी सरळ संबंधात आणायचं, खोताला त्याच्या गेलेल्या हक्काबद्दल वाजवी भरपाई द्यायची, आणि जे कनिष्ठ धारक प्रत्यक्ष जमीन बाळगून आहेत त्यांना १८७९ च्या जमीन महसूल संहितेतल्या कब्जेदाराचा दर्जा द्यायचा.

‘सरळ संबंध’ या शब्दांपाशी मी नेहमी अडतो. भूक, पिळवणूक, अन्याय यांवर चार ओळी लिहिणं त्यांना अवघड नव्हतं. ते त्या भाषेत लिहीत आणि बोलतही होते. पण कायद्याच्या मसुद्यात त्यांनी ठेवला तो एक कोरडा, कारकुनी वाटणारा संबंध : सरकार आणि शेतकरी, मध्ये कुणी नाही. त्यांच्या लोकशाहीच्या कल्पनेचा गाभा मला या ठिकाणी सापडतो. खोती गावातल्या कुळाला सरकार भेटतच नव्हतं. सारा सरकारचा, पण मागायला येणार खोत. तक्रार तहसीलदाराकडे, पण तिथे जाणार खोताच्या मर्जीने. त्या काळी मताचा हक्कही सगळ्यांना नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण यांवर तो ठरे, आणि जमीन कुणाच्या नावावर दिसते, सारा कुणाच्या नावाने भरला जातो, यावर मतदारयादीतलं नावही बऱ्याच अंशी अवलंबून असे. म्हणजे मधला माणूस फक्त राशीपाशी उभा नव्हता. तो कचेरीच्या दारात होता आणि मतपेटीच्या वाटेवरही होता.

दुसरा शब्द ‘प्रत्यक्ष ताबा’. १८८० च्या कायद्याने कुळाला म्हटलं होतं, तू १८४५ पासून इथे आहेस हे दाखव. बाबासाहेबांचा मसुदा म्हणत होता, तू आज इथे आहेस ना? बस. इतिहास सिद्ध करण्याचं ओझं त्यांनी उतरवून टाकलं. कुळांची बाजू मांडताना कुठे हात मोडतो हे ज्याने कोर्टात पाहिलंय, अशा वकिलानेच करावी अशी ही दुरुस्ती आहे.

भरपाईवर तेव्हाही नाक मुरडणारे होते, आजही आहेत. ज्याने तीन पिढ्या वेठ घेतली त्याला वर पैसे? कलम २९९ चं कारण मी सांगितलंच. पण मला वाटतं तेवढंच कारण नव्हतं. वर म्हटले ते आण्याचे हिस्सेदार खोत आठवा. बाबासाहेबांना खोतांचं घर बुडवण्यात रस नव्हता, खोतपण संपवायचं होतं. हाच न्याय त्यांनी स्वतःच्या समाजालाही लावला होता. महार वतन नष्ट करण्याची खटपट त्यांची १९२८ पासूनची, आणि १९३७ मध्ये तेही विधेयक त्यांनी पुन्हा हाती घेतलं. वतन म्हणजे चार बिघे जमीन आणि त्याबदल्यात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी. ते सोडायला समाजातलेही पुष्कळ लोक तयार नव्हते. तुटपुंजी का होईना, ती जमीन होती. तरी ते मागे हटले नाहीत. वतनदारी वरची असो की खालची, माणसाचं गावाशी असलेलं नातं जन्माने ठरवून टाकते, हा त्यांचा आक्षेप दोन्हीकडे सारखाच होता. खोताला दिसला नसेल, पण या दोन विधेयकांचा पोत एकच आहे.

रस्त्यावर

सभागृहात १४ जण असले की बाकीचे रस्त्यावरून आणावे लागतात. तसं ते आले.

त्याआधी चरीचा उल्लेख हवा. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव, २७ ऑक्टोबर १९३३. नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी ठरवलं, जमीन कसायचीच नाही. आजूबाजूची गावं धरून २५ गावांचा संप झाला आणि तो १९३९ पर्यंत, सहा पावसाळे ओलांडून चालला. संप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा येतो. काम बंद, पगार बंद. शेतकऱ्याचा संप याहून अवघड. स्वतःचंच पीक स्वतः घ्यायचं नाही. समोर पाणी भरलेलं खाचर, आणि त्यात पाय घालायचा नाही. लोक लाकूडफाटा विकून, खाडीतली मासळी-चिंबोऱ्या धरून जगले. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले.

विधेयक मांडून चार महिने झाले, हालचाल नाही. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे विधिमंडळावर, शेतकऱ्यांचा मोर्चा आला. २० हजारांच्या आसपास माणूस. कोकणातून आलेले पुष्कळजण समुद्रमार्गे आले. महार, कुणबी, आगरी एका बोटीत. ज्यांना गावच्या विहिरीवर एकमेकांच्या सावलीचं वावडं होतं ते एकाच डेकवर शिदोरी सोडून बसले असतील, हे मी कल्पनेनेच म्हणतो, पण बोटीच्या डेकवर अंतर राखायला जागा नसते हे खरं. मोर्चात गुजरातचे शेतकरी नेते इंदुलाल याज्ञिक होते, परुळेकर होते, कम्युनिस्टही होते. बाबासाहेबांनी त्या दिवशी भाषणात सांगितलं की जगात खऱ्या अर्थाने दोनच जाती आहेत, श्रीमंत आणि गरीब. जातीचा प्रश्न ज्याच्याइतका कुणी ओळखला नव्हता त्या माणसाने असं म्हणणं अनेकांना बुचकळ्यात टाकतं. मी त्याचा अर्थ असा घेतो : समोर बसलेल्या कुणब्याला आणि महाराला त्या क्षणी एक शब्द हवा होता ज्यात दोघं मावतील. शिष्टमंडळ खेरांना भेटलं, मागण्या दिल्या, लोक परत गेले. खोतीवर त्यातून हाती काही लागलं नाही.

अडकलं कुठे

काँग्रेसला खलनायक ठरवून हे प्रकरण संपवणं सोपं आहे, आणि मला ते अपुरं वाटतं. डिसेंबर १९३६ मध्ये याच महाराष्ट्रात, खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. खंड कमी करणं, कुळाला जमिनीवर स्थैर्य देणं हे त्यात होतं. तेव्हा काँग्रेसला कुळांचं काही पडलं नव्हतं असं म्हणता येत नाही. पण प्रांतात तिचे कार्यकर्ते कोण? तालुक्याच्या गावचा वकील, शाळामास्तर, जमीनदार, सावकार. कोकणात खोत घराण्यातलेही. सगळ्यांना बरोबर घेऊन स्वराज्य आणायचं म्हणणाऱ्या पक्षाला खोताला बाजूला सारणारं विधेयक घशात अडकणारच. त्यात ते विरोधी बाकावरून आलेलं.

मग सरकारने स्वतःचा, पहिल्या प्रकारचा रस्ता घेतला : १९३९ चा मुंबई कूळ कायदा. १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ मानायचं. मोरारजी देसाई चरीला येऊन गेले, संप मिटला, आणि कूळ या शब्दाला कायद्यात वजन आलं. चरीच्या लोकांनी उपाशीपोटी मिळवलेलं ते यश होतं; त्याला कमी लेखायची माझी इच्छा नाही. चरीचं मुख्य दुखणं वाट्याचं आणि बेदखलीचं होतं, त्यावर हा कायदा काही प्रमाणात लागू पडत होता.

पण दोन्ही मसुदे शेजारी ठेवून पाहा. कूळ कायदा म्हणतो, मालकाने नीट वागावं. खोती विधेयक म्हणतं, याला मालक म्हणालं कोण? पहिल्यात कुळाचं संरक्षण होतं, दुसऱ्यात कूळ हा प्रकारच राहत नव्हता. आणि सहा वर्षांची अट पुन्हा पुराव्यावर येऊन थांबते : सलग सहा वर्षं, हे दाखवणार कोण, कशाने?

नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. विधिमंडळ थंडावलं, गव्हर्नरचा कारभार सुरू झाला, खोती विधेयक जिथल्या तिथे राहिलं. १९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षही उरला नाही. त्याच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे फक्त अनुसूचित जातींचा पक्ष, आली. कुणबी-महार मोट सुटली ती सुटलीच. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठं नुकसान हे वाटतं. विधेयक काय, पुढे कुणीतरी आणणारच होतं.

बाबासाहेबांच्या बाजूच्या उणिवा

भक्तिभावाने लिहायचं तर इथेच थांबता आलं असतं. पण मसुद्यातला ‘प्रत्यक्ष ताबा’ हा शब्द ज्याला वर उचलतो, तोच ज्याच्या ताब्यात काहीच नाही त्याला बाहेर ठेवतो. खोती गावात जमीन कसणाऱ्यांत कुणब्यांची संख्या मोठी. महार कुळं होती, पण महारवाड्यातले अनेकजण निव्वळ मजूर किंवा वतनाच्या चाकरीवर. खोत गेला की जमीन कुणब्याच्या नावावर चढणार. त्याच्या बांधावर राबणाऱ्या महाराला काय? ताबा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावाने सांगितला जाणार. लावणी जिच्या कमरेवर होते तिचं नाव कुठे? मसुद्यात याला उत्तर नाही.

हे त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. १९१८ मध्येच त्यांनी भारतातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर निबंध लिहिला होता आणि दुखणं फक्त मालकीचं नाही, शेतीवर नको तेवढी माणसं अवलंबून आहेत आणि भांडवल नाही, उद्योग वाढल्याशिवाय हे सुटणार नाही, असं मांडलं होतं. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात ते थेट सांगतात : शेती हा सरकारी उद्योग व्हावा, जमीन सरकारने भरपाई देऊन घ्यावी, गावकऱ्यांना जातधर्म न पाहता कसायला द्यावी, आणि ती सामुदायिक पद्धतीने कसावी, म्हणजे ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. बेकार माणसापुढे एका हातात हक्क आणि दुसऱ्या हातात नोकरी धरली तर तो काय उचलेल, हा प्रश्नही त्याच मसुद्यातला.

मग १९३७ चे बाबासाहेब खरे की १९४७ चे? एकीकडे वैयक्तिक कब्जेदारी, दुसरीकडे सरकारी मालकी. यात विसंगती आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. माझी समजूत अशी की १९३७ ला ते १४ आमदारांचे नेते होते आणि कलम २९९ समोर होतं. दहा वर्षांनी ते कोऱ्या कागदावर लिहीत होते. पण दोन्हीकडे भरपाई आहे आणि दोन्हीकडे मधला माणूस नाही. एवढा धागा टिकलेला दिसतो. दुसरा मसुदाही संविधानात आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

नंतर

खोती गेली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. १५ मे १९५० पासून तो लागू झाला. मुंबईत तेव्हाही खेरांचंच सरकार. कायदा आणणाऱ्यांच्या बाकावर स्वतंत्र मजूर पक्ष नव्हता, आणि मूळ विधेयकाचा कर्ता दिल्लीत केंद्राचा कायदामंत्री होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी इशारा दिला होता की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत. राजकारणात समता, समाजात आणि अर्थकारणात विषमता. त्या भाषणाची चर्चा आपण संविधानाच्या संदर्भात करतो. मला ते वाचताना मंडणगडचं खळं दिसतं.

नव्या कायद्यात कुळांना कब्जेदार होण्याची वाट होती, पण खोती खासगी जमिनी खोताकडेच राहिल्या. कुठली जमीन खासगी, कुठली निसबत, आणि वरकस कुणाचा, यावर भांडणं पुढे कित्येक वर्षं चालली. त्यावर १९४८ चा कूळ कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. महार वतनंही १९५८ च्या कायद्याने गेली. ते पाहायला बाबासाहेब नव्हते.

कोकणातल्या जुन्या सातबाऱ्यांवर आजही ‘इतर हक्क’ या रकान्यात एखादं कूळ अडकलेलं सापडतं. कब्जेदाराच्या रकान्यात खोत घराण्यातली १०-१२ नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही हयात नसलेली. आणि शेत गेली साठ-सत्तर वर्षं कसतंय ते ‘इतर हक्क’मधल्या नावाच्या माणसाचं घर. त्या घरातली म्हातारी तुम्हाला बांध कुठून कुठवर आहे ते बोट करून दाखवते. बोट करायला तिला कागद लागत नाही. तलाठ्याकडे जायचं म्हटलं की मात्र ती मुलाला हाक मारते, आणि मुलगा विचारतो, पुरावा काय आहे आपल्याकडे?